मशीनची खोळ

नोकरी घरी आली
ह्याचं ऑफिसला फार कौतुक.
आईला नाही.
म्हणाली, मग आम्ही काय तीस वर्षं
रस्त्यावर बसून केलं?

नेहरूनगरच्या एकशे ऐंशी फुटांत
खिडकीखाली तिचं शिलाई मशीन होतं.
मागे स्टोव्ह, पायाशी माझा अभ्यास,
आणि उरल्या हातभर जागेत
हलिमाबींचे कुर्ते, फुर्टाडो बाईंचे फ्रॉक,
आणि काजं, काजं, काजं.

त्याच जागी आता टॉवर आहे.
आम्ही चौदाव्यावर.
इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप,
त्याखाली उंचीला दिवाळी अंकांचा गठ्ठा.
मी जहाजांचे हिशेब बघते :
कुठला कंटेनर न्हावाशेव्यात अडकला,
कुणाचं भाडं कुणाच्या माथी.
रॉटरडॅमची माणसं जेवून येतात
तेव्हा माझं जेवण राहिलेलं असतं.
‘शर्वरी, क्विक कॉल?’
पोळीचा घास गालात ढकलून
मी म्हणते, ‘शुअर.’

मान आखडली. डोळ्यांत वाळू.
स्वप्नात मी म्यूटवर असते
आणि ओरडत असते, ऐकू येतंय का.
परवा तर फोन बाथरूममध्ये नेला.
सांगायला लाज वाटते, पण नेला.

आई बघते सगळं. बोलत नाही.
एकदाच बोलली, कोथिंबीर निवडताना :
“एक ब्लाउज झाला की मी लांब बघायचे.
समोरच्या पिंपळाच्या शेंड्याकडे.
सुई डोळ्यांत शिरते गं. काढावी लागते.”

पिंपळ मला आठवत होता.
आणि आठवली दारात उभी शेणॉय बाई,
साडीला फॉल आत्ताच्या आत्ता हवा म्हणणारी,
आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडत आई :
“उद्या अकराला या.”
बस. कारण नाही, सॉरी नाही.
दिवेलागणीला ती चाकावर तळवा ठेवायची,
चाक थांबायचं,
मग मशीनवर खोळ,
जुन्या पडद्याची, निळ्या फुलांची.
खोळ घातली की मशीनचं टेबल व्हायचं.
आम्ही त्यावर जेवायचो.
माझे पाय खाली पायट्यावर झुलायचे.

पण हे अर्धंच खरं.
दिवाळीआधी पंधरा दिवस
खोळ निघायची ती निघायचीच.
रात्री दोनला टकटक, टकटक,
मी कानांवर उशी घेऊन
तिच्यावर चिडायचे.
आज तिचा उजवा हात खांद्यावर जात नाही.
वेणी मी घालते.
जेव्हा जेव्हा ‘उद्या या’ म्हणायचं राहिलं
ते सगळं त्या खांद्यात बसलंय.

काल साडेसहाला मी टाइप केलं :
उद्या अकराला बघते.
बोट तीनदा मागे आलं.
चौथ्यांदा गेलं.
रॉटरडॅम बुडालं नाही.
‘ओके’ आलं, वर एक अंगठा.

आईनं मला माळ्यावर चढवलं.
डावीकडची नाही, पलीकडची पिशवी,
ती नाही, तिच्याखालची.
फुलं विटलीत. डांबरगोळ्यांचा वास.
लॅपटॉपला फारच मोठी,
म्हणून झाकलं सगळंच :
दिवाळी अंक, चार्जर, फोन,
उंदरालाही गोधडी.
“आता ताट ठेव,” आई म्हणाली.

टेबल डुगडुगतं. इस्त्रीचंच ते.
खिडकीतून लांब
माहुलच्या चिमणीची ज्योत दिसते,
पिंपळ नाही, पण लांब तर आहे.
आई डाव्या हातानं वरण वाढत होती.
खोळीखाली फोन थरथरला.
तांब्यातलं पाणी जरा हललं.
आम्ही जेवत होतो.